राख, हळद आणि डोळ्यात एक थेंब

गावठी अंडी सगळ्यांनाच हवी असतात. पण ती देणाऱ्या कोंबडीची तब्येत कोण सांभाळतं, आणि कशाने? लोणारच्या एका परसातले घरगुती उपाय, त्यांची ताकद आणि त्यांची हद्द.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हल्ली एक नवा स्टेटस सिम्बॉल आलाय. गाडी नाही, फोन नाही, तर 'आमच्याकडे अंडी गावाहून येतात' हे वाक्य. ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज असतं ना, ते अप्रेझलच्या दिवशीसुद्धा दिसत नाही! पिवळंधम्मक बलक, जाड कवच, आणि सोबत एक ठाम दावा: 'आमच्या कोंबड्यांना औषध-बिवषध काही नसतं. सगळं नॅचरल.'

मी हे वाक्य आवडीने ऐकते, कारण माझ्याकडेही अंडी गावाहून येतात. माझी आत्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला असते. हो, तेच सरोवरवालं लोणार. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि त्यातलं पाणी इतकं खारं की पीएच दहाच्या वर जातो. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा ते सगळ्या टीव्ही चॅनलवर झळकलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. वीकेंडला येणारे टूरिस्ट विवराच्या काठावर फोटो काढतात, दैत्यसूदनाचं देऊळ बघतात, धारेचं गोडं पाणी तोंडावर मारतात आणि परत फिरतात. घरांच्या मागच्या बाजूला, परसात काय चाललंय, ते कुणी बघत नाही. आत्याच्या परसात चौदा कोंबड्या, दोन कोंबडे आणि सीझनप्रमाणे पिल्लांची पलटण असते.

मग यंदाच्या सुट्टीत मी ठरवून टाकलं. या 'सगळं नॅचरल'चा छडा लावायचा. आत्या कोंबड्यांना काय देते, का देते, त्यातलं विज्ञानाच्या कसोटीवर किती टिकतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे थांबायचं? वही घेऊन आत्याच्या मागे फिरले, मग पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचं डोकं खाल्लं. जे हाती लागलं, ते तुमच्यासमोर.

आधी थोडं अर्थशास्त्र

परसातल्या कोंबड्या म्हणजे हौस, असा आपला शहरी समज असतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यातले जवळपास ३१ कोटी ७० लाख परसातले होते. २०१२ च्या मानाने परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. हौसेने इतकं होत नाही, बॉस!

गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. फार्मवरची लेअर तीनशेच्या पुढे. मग हा धंदा परवडतो कसा? कारण गावठी कोंबडीवर खर्चच जवळपास नसतो. ती अंगणातले किडे, सांडलेली ज्वारी, तांदळाची कणी, भाजीची देठं यांवर जगते, स्वतः अंडी उबवते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर काढते. आणि यातला पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. आत्या म्हणते, "कोंबडीच्या पैशाले कोणी हिशोब इचारत नाही, पोरी." सोयाबीनचा, कापसाचा पैसा आला की त्याला दहा वाटा फुटतात. अंड्यांचा पैसा मात्र साखरेच्या डब्याखाली राहतो. माझ्या आतेबहिणीच्या पहिल्या कॉम्प्युटर कोर्सची फी त्याच डब्याखालून निघाली होती.

म्हणून या कोंबड्यांची तब्येत हा मजेचा विषय नाही. ती त्या घरातल्या बाईची सेव्हिंग्ज आहे. फक्त ही सेव्हिंग्ज शिंकते, खोकते आणि कधीकधी एका आठवड्यात संपून जाते.

फंडा नंबर एक: कोंबडी नाही, खुराडं

वही उघडून मी पहिलाच प्रश्न विचारला, 'आत्या, कोंबडी आजारी पडू नये म्हणून काय औषध देतेस?' आत्याने हातातला खराटा दाखवला. "औषीद कोंबडीले नाही, खुराड्याले द्या लागते."

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खूश! म्हणाले, हे वाक्य बोर्डवर लिहून लावलं पाहिजे. कारण पिल्लांचा एक मोठा शत्रू म्हणजे रक्ती हगवण. हा आजार कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती दुसऱ्या पक्ष्याला आजारी पाडायला तयार होतात. म्हणजे रोजच्या रोज विष्ठा काढली आणि जमीन कोरडी ठेवली, तर या परजीवीची साखळीच तुटते. फुकटचं औषध!

आत्याचं खुराडं जमिनीपासून हातभर उंच आहे. खाली पाणी साचत नाही, भिंतीला वरच्या बाजूला जाळी असल्याने हवा खेळती राहते आणि दमट वास कोंडत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी आतून चुन्याचा हात फिरतो. चुना तीव्र अल्कली असतो, त्याच्या संपर्कात बरेचसे जंतू टिकत नाहीत, आणि फळ्यांच्या फटी बुजतात हा दुसरा फायदा. या फटींतच ते बारीक लालसर किडे, म्हणजे माइट्स, दिवसभर लपतात आणि रात्री झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. कोंबडीचा तुरा फिकट दिसायला लागला, ती खुराड्यात जायला कुरकुर करायला लागली, तर रात्री टॉर्च घेऊन फटी बघाव्यात.

राखेचा स्पा

आता येतो माझा सगळ्यात आवडता भाग. आत्याच्या परसात सावलीला एक खड्डा आहे. त्यात चुलीची चाळलेली राख, कोरडी माती आणि वाळवून चुरलेला कडुलिंबाचा पाला. दुपारी कोंबड्या त्यात अशा लोळतात, पंख पसरतात, डोळे मिटतात की कोरेगाव पार्कच्या कुठल्याही स्पाने यांच्याकडून शिकावं!

ही नुसती मजा नाही. मातीत लोळणं ही कोंबडीची जात्याच सवय आहे. बारीक कोरडी धूळ पिसांच्या मुळाशी जाते आणि उवांच्या शरीरावरचं मेणासारखं पातळ आवरण खरवडते. त्यामुळे त्यांच्या अंगातलं पाणी सुटतं आणि त्या मरतात. राख बारीक आणि कोरडी असल्याने या कामाला उत्तम. अट एकच. राख लाकडाची किंवा गोवरीची हवी. प्लॅस्टिक, रंगवलेली फळी किंवा कचरा जाळून झालेली राख नको. पावसाळ्यात खड्ड्यावर पत्रा टाकायचा, कारण ओली राख कातडीला चावते.

पायांवरचे खवले उचलून आले, पाय जाड आणि खडबडीत दिसायला लागले, तर तेही एका माइटचंच काम. त्यावर आत्या करंजाचं तेल लावते. खाण्याचं साधं तेलही चालतं, कारण तेलाच्या थराखाली त्या किड्यांना हवा मिळत नाही. आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. धीर धरणाऱ्यालाच फळ.

सीताफळाच्या बियांची पूडही उवांवर वापरतात, आणि ती लागू पडते. पण ती डोळ्यात गेली तर कोंबडीला आणि लावणाऱ्याला, दोघांनाही गंभीर इजा करू शकते. आत्याने ती घरात लहान मुलं आल्यापासून बंद केली. आणि तंबाखूचं पाणी? ते तर बिलकूल नको. तंबाखूतलं निकोटिन उवा मारतं, आणि जास्त झालं तर कोंबडीलाही. नॅचरल म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे इथेच लक्षात ठेवा.

स्वयंपाकघरातला दवाखाना

मिसळणाच्या डब्यातलं काय काय कोंबडीला चालतं? आत्याची यादी मोठी आहे. ती मी तीन खणांत लावली.

पहिला खण, बिनधास्त करा. शेवग्याचा पाला, मेथीची देठं, पालक. शेवग्यात प्रथिनं, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व तयार करणारी रंगद्रव्यं भरपूर असतात. बलकाचा तो गडद पिवळा रंगही हिरव्या पाल्यातल्या रंगद्रव्यांतूनच येतो, कसल्याही जादूने नाही. अंड्याची टरफलं भाजून, बारीक चुरून खाऊ घाला. कवचाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे हे निव्वळ रिसायकलिंग झालं. चुरा मात्र बारीकच हवा. टरफल अख्खं टाकलं तर कोंबडीला अंडं फोडून खायची चटक लागू शकते.

दुसरा खण, उपयोग थोडा, अपाय नाही. यात हळद आणि लसूण येतात. जखमेवर हळद आणि तेलाचा लेप चांगला. देवीच्या आजारात तुऱ्यावर आणि गालांवर खपल्या येतात, त्यावर कडुलिंब-हळदीचा लेप लावला तर माश्या बसत नाहीत आणि जखम चिघळत नाही. पण देवीचा विषाणू त्याने मरत नाही. कातडीवरची साधी देवी तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय लेपाला मिळतं. हा आजार डास पसरवतात, त्यामुळे परसातलं साचलेलं पाणी काढणं हा त्यावरचा खरा घरगुती उपाय. तोंडात किंवा घशात पांढरट-पिवळे चट्टे दिसले, तर मात्र लेप पुरे, डॉक्टर गाठा.

पिण्याच्या पाण्यात हळद घातली तर? हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी शोषलं जातं. लसणातला अ‍ॅलिसिन प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतो, पण ठेचलेल्या लसणातून कोंबडीच्या शरीरात किती पोचतो हा वेगळा प्रश्न. आठवड्यातून एकदा दोन पाकळ्या दिल्याने बिघडत नाही. चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. त्यापेक्षा पाण्याचं भांडं रोज घासलं, तर फायदा जास्त.

एक गंमत सांगू? मरगळलेल्या कोंबडीला तिखटाची गोळी भरवतात, 'झटका बसून उठते' म्हणून. पण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. मिरची आपल्याला जिथे झोंबते, तो संवेदनेचा दरवाजा पक्ष्यांमध्ये त्या रसायनाला दादच देत नाही. म्हणून तर पोपट मिरच्या मिटक्या मारत खातो. झटका बसतो तो फक्त बघणाऱ्याला.

तिसरा खण, अजिबात नको. तंबाखूचं पाणी वर आलंच. त्याच्या जोडीला घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल. ती फोडून पाण्यात टाकायची पद्धत गावोगाव आहे, आणि तिलाही 'घरगुती उपाय' म्हणतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. वर त्याचा अंश अंड्यात उतरू शकतो, आणि अर्धवट डोसामुळे जंतू निर्ढावतात ते वेगळंच. माणसांसाठी राखून ठेवलेलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीपोटी. 'आमच्याकडे औषध-बिवषध काही नसतं' म्हणताना ही कॅप्सूल मोजली जात नाही, एवढंच.

मे महिना आणि चिमूटभर सोडा

विदर्भाचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगणार! कोंबडीचं नेहमीचं तापमान ४१-४२ अंश असतं आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. बाहेर पारा चाळिशीला टेकला की ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बिघडतो, आणि कवच बनवायला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. म्हणून मे महिन्यात अंडी पातळ कवचाची निघतात.

यावर आत्याचा उपाय म्हणजे सावली, भिजवलेलं गोणपाट आणि मातीच्या परळात दिवसातून चार वेळा बदललेलं गार पाणी. फार उकाडा असला तर दुपारच्या एका परळात चिमूटभर खाण्याचा सोडा, लिटरला साधारण एक ग्रॅम. खाण्याचा सोडा म्हणजेच सोडियम बायकार्बोनेट, आणि पोल्ट्रीवालेही उन्हाळ्यात हाच उपाय करतात. शेजारी साध्या पाण्याचं परळ ठेवायचंच. लहान पिल्लांना सोडा नाही, कारण जादा सोडियम त्यांना झेपत नाही.

आता लोणारमध्ये सोड्याची काय कमी, असं वाटेल. सरोवराच्या क्षारांत सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ सगळंच आहे, आणि हा खार काढण्याचा इथे मोठा इतिहास आहे. पण त्यात काय किती प्रमाणात आहे ते ठरलेलं नसतं, आणि धुण्याचा सोडा कोंबडीच्या पोटात जाणं धोक्याचं. शिवाय सरोवर आणि त्याचा परिसर आता अभयारण्य आहे. तेव्हा दुकानातलं पाकीट झिंदाबाद.

मानमोडी: इथे बटवा संपतो

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मस्त, आजीचा बटवा जिंदाबाद! थांबा. या सगळ्या यादीला एक हद्द आहे, आणि त्या हद्दीचं नाव मानमोडी.

डॉक्टरांच्या भाषेत राणीखेत, जगाच्या भाषेत न्यूकॅसल डिसीज. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला तो ओळखला गेला. त्यानंतर लवकरच आपल्याकडे कुमाऊँमधल्या राणीखेतला दिसला, आणि ते नाव त्याला चिकटलं. लक्षणं अशी: हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडून घरघर, पाय-पंख लुळे आणि मान पिळवटल्यासारखी वाकडी. म्हणूनच मराठीत मानमोडी. लस न दिलेल्या कळपात शिरला तर दहातल्या आठ-नऊ कोंबड्याही जाऊ शकतात, कधी सगळ्याच.

काही वर्षांपूर्वी आत्याच्या परसात तो आला. सोमवारी एक कोंबडी पेंगत होती. पुढच्या सोमवारपर्यंत बावीस गेल्या. हळद झाली, लसूण झाला, तिखटाच्या गोळ्या झाल्या, शेजारणीने सांगितलेला पाला झाला. उरल्या तीन. त्या वर्षी साखरेच्या डब्याखाली काहीच नव्हतं. तो आठवडा आठवला की आत्या अजून आवाज खाली घेते. "हळदीनं घाव भरते. मानमोडीले हळद काय करते?"

मग गावोगाव 'आमच्याकडे अमुक पाल्याने मानमोडी बरी झाली' असं का सांगतात? लोक खोटं बोलत नाहीत. पण जरा हिशोब करा. पंचवीसपैकी तीन कोंबड्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर वाचल्या. त्या तिघींना शेवटी जे दिलं होतं, त्याला श्रेय मिळालं. मेलेल्या बावीस जणींनाही तेच दिलं होतं, ते कुणी मोजत नाही. आजपर्यंत या विषाणूला मारणारं औषध नाही. ना पाल्यात, ना मेडिकलमध्ये.

मात्र लस आहे. आणि तिचा इतिहासही कुमाऊँशीच जोडलेला. राणीखेतपासून फार लांब नसलेल्या मुक्तेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात या विषाणूचा सौम्य केलेला वाण तयार झाला. आर-टू-बी नावाने तो आजही मोठ्या पक्ष्यांना टोचतात. पिल्लांसाठी लासोटा. साधारण पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. बस, एक थेंब! नंतर बूस्टर, आणि आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी. पुढचं वेळापत्रक आपल्या भागातले डॉक्टर ठरवून देतात.

शंभर डोसांची बाटली

इतकं सोपं आहे, तर मग सगळे का नाही देत? खरी गोम इथे आहे.

लस जिवंत असते. तिला २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे दवाखान्यापासून परसापर्यंत बर्फ. बाटली साधारण शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते. एकदा ती कालवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली फेकायची. फार्मवाल्याकडे पाच हजार पक्षी, त्याला काहीच अडचण नाही. आत्याकडे चौदा. एका चौदा कोंबड्यांच्या घरासाठी शंभराची बाटली कोण फोडणार? हळद डब्यातून एका कोंबडीपुरती काढता येते. लस तशी काढता येत नाही.

त्या बावीस कोंबड्यांनंतर आत्याने काय केलं असेल? तिने गल्लीतल्या बायकांच्या कोंबड्या मोजल्या. आठ घरांत मिळून एकशे दहाच्या वर भरल्या. मग दवाखान्यात जाऊन तारीख ठरवली. आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यात बसल्या की दार लावायचं, कारण सकाळी एकदा सुटली की गावठी कोंबडी ऑलिम्पिकची धावपटू असते. पहाटे थंड वेळेला थर्मासमध्ये बर्फ, एकीने कोंबडी धरायची, एकीने मान वळवायची, डॉक्टरांनी थेंब टाकायचा. आठ घरं दीड तासात उरकतात. आता हे वर्षातून ठरलेल्या वेळी होतं, आणि आधी पंधरा दिवस जंतांचं औषध. आजारी कोंबडीला त्या दिवशी वगळतात, लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची असते. गेल्या काही वर्षांत या आठ घरांत मानमोडी शिरलेली नाही.

घरगुती उपाय आणि लस यांत भांडण लावायची गरज नाही, हे महाराष्ट्रात आधीही काहींनी दाखवून दिलंय. पुण्यातली अंथ्रा ही महिला पशुवैद्यकांनी सुरू केलेली संस्था १९९० च्या दशकापासून हेच करत आली. पशुपालकांकडून आणि गावातल्या बायकांकडून पारंपरिक उपचार लिहून घ्यायचे, त्यातलं उपयोगी काय ते तपासायचं, आणि गावातल्याच बायकांना जनावरांच्या प्राथमिक उपचारांचं ट्रेनिंग द्यायचं. पाल्याला पाल्याच्या जागी मान, लसीला लसीच्या जागी.

लोणारमध्ये तर आणखी एक कारण आहे. विवराच्या जंगलात मोर आहेत, आणि राणीखेत मोरांनाही होतो. कोंबड्या आणि मोर एकाच बांधावर दाणे टिपतात. परसातला आजार परसातच थांबेल याची गॅरंटी कोण देणार?

आणि बर्ड फ्लू?

हे नाव काढलं की सगळ्यांचा घास अडतो. आपल्या देशात एच-फाइव्ह-एन-वन पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथे लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या, आणि परभणी लोणारहून काही फार लांब नाही.

इथे घरगुती उपायांची यादी कोरी आहे. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोकं सुजलं, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, कापायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही. आणि आजारी कोंबड्या घाईघाईने बाजारात विकायच्या तर मुळीच नाहीत. मानमोडीसुद्धा अशीच गावोगाव पसरते. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल-फ्री नंबरला कळवायचं. मानमोडी की बर्ड फ्लू, हे नुसतं बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही, नमुना तपासावाच लागतो. आपल्यासाठी दिलासा एवढाच की नीट शिजवलेलं अंडं आणि चिकन सुरक्षित असतं. ७० अंशांपुढे विषाणू टिकत नाही.

कापून फ्रिजवर लावा

गावी आई-मावशीच्या कोंबड्या असोत की तुमच्या फार्महाऊसवर नव्याने आणलेल्या चार, हा चार्ट चालेल.

• रोज: खुराड्यातली विष्ठा काढा, पाण्याचं भांडं घासा, कोंबड्या मोजा. दाणे टाकल्यावर जी धावत येत नाही, तिच्याकडे बघा.
• आठवड्याला: राखेचा खड्डा हलवून कोरडा करा, दोन-तीन कोंबड्यांच्या पंखांखाली उवा तपासा, शेवगा आणि टरफलांचा चुरा द्या.
• दोन-तीन महिन्यांनी: चुना मारा, फटी बुजवा, डॉक्टरांना विचारून जंतांचं औषध द्या.
• नवी कोंबडी आणली की: किमान दोन आठवडे वेगळी ठेवा. बाजारातून येणारा आजार बहुतेकदा तेवढ्या काळात तोंड दाखवतो.
• पाचव्या-सातव्या दिवशी पिल्लांना: लासोटाचा एक थेंब. त्यासाठी शेजारणींच्या कोंबड्याही मोजून ठेवा.

गावाहून अंडी मागवताना आपण कॉलवर काय विचारतो? किती पाठवताय, कधी पाठवताय, फुटणार नाहीत ना! या वेळी एक प्रश्न जास्त विचारा. 'कोंबड्यांची लस झाली का?' उत्तर 'नाही' आलं, तर थर्मासचा आणि दवाखान्यापर्यंतच्या रिक्षाचा खर्च तुमच्याकडून. एका पिझ्झाच्या पैशात आठ घरांच्या साखरेच्या डब्याखालचे पैसे शाबूत राहतात. हळद आणि राख त्यांच्याकडे आहेच.